शालनच्या छातीतला आवाज

त्या गुरुवारी सकाळी मी शालनच्या छातीला कान लावला, आणि आवाज नव्हता. ठोके होते. एक जड, एक हलका, एकामागून एक बिनचूक. पण या दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत जी खरखर मी गेले आठ महिने रोज ऐकत आलो होतो, ती जवळजवळ नव्हतीच. मी डोकं वर घेतलं, करंगळीनं कान कोरला आणि दुसरा कान लावला. अगदी तळाशी काहीतरी पुसट होतं, नाही म्हणायला. शालन अर्धवट मिटल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. एरवी माझ्या दाढीचे खुंट टोचले की ती पाय झाडायची. आज तेही नाही. बाहेरून लोणावळ्याची गाडी गेली तेवढा वेळ मी श्वास धरून थांबलो आणि ती लांब गेल्यावर पुन्हा ऐकलं. तेच. मग मी बायकोला हाक मारली. हाक जरा जास्तच मोठी गेली असावी, कारण आमच्या घरात त्या वर्षी आवाज चढवून बोलायचीच सवय मोडली होती. "मंजुळे," मी म्हणालो, "आवाज गेला."

ती चुलीपुढून पदराला हात पुसत आली. तिला तो आवाज कधी ऐकूच आला नव्हता. सुरुवातीला मी दोन-तीनदा तिला कान लावायला सांगितलं होतं, पण लेकराच्या अंगाचा वास नाकात गेला की तिला रडूच फुटायचं आणि ऐकणं राहून जायचं. तिचं सगळं बघण्यावर. तिनं शालनचा हात उचलला, दाराच्या उजेडाकडे धरला आणि मिटलेली बोटं एकेक करून उघडली. "नखं जांभळी हायेत," ती म्हणाली. "कालच्यापरीस जास्तच." मी म्हणालो, थंडी आहे, थंडीनं माझीही होतात. दिवाळी नुकती झाली होती आणि पहाटे नदीकडून चांगलं गार येत होतं, तेव्हा मी काही अगदी खोटं बोललो नव्हतो. "अन् लई गप हाय वो आज," ती म्हणाली. "मग? तिनं गप राहावं म्हणूनच तर वर्षभर मरतोय आपण," असं म्हणून मी हसलो. ते हसणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मी एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमध्ये इंजिन फिटर. मूळचा बार्शीकडचा, सातवी पास, अक्षर वळणदार. शॉपमध्ये मला ज्योतीराम म्हणणारे थोडे; बाकीचे 'कान' म्हणत. 'कान आला का रे?' 'कानाला बोलवा.' काम असं, की इंजिन चालू करायचं, लांब सळईचं एक टोक त्याच्या अंगाला टेकवायचं, दुसरं आपल्या कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. कुठला टॅपेट सैल आहे, कुठलं बेअरिंग मरायला टेकलंय, कुठला व्हॉल्व्ह गळतोय, हे मी एकही बोल्ट न काढता सांगायचो. आमचे चार्जमन यशवंतराव, म्हणजे माझे साहेब, दुसऱ्या फिटरनं काही सांगितलं तर "बघू उघडून" म्हणायचे. मी सांगितलं की मुकाट्यानं तोच भाग मागवायचे. माणसाला एवढा मान मिळाला की तो कुठं मुरतो ते त्याचं त्यालाही कळत नाही. खडकीच्या मिलिटरी डेपोत तीन वर्षं आणि इथं नऊ, अशा बारा वर्षांत इंजिन बरं झालं की नाही याची मला एकच खूण ठाऊक होती. जो आवाज नको तो गेला पाहिजे. आवाज गेला की दोष गेला. हे एकदाही खोटं ठरलं नव्हतं.

सत्तावन्न साल संपून अठ्ठावन्न लागलं त्या आठवड्यात शालन झाली. बाळंतपण आमच्या घरमालकीण गोजाबाईंनी केलं. त्या जुन्या दापोडीतल्या, रेल्वेच्या अंगाला त्यांच्या चार खोल्या, त्यातली एक आमची. पहिले अडीच महिने काही कळलं नाही. फक्त अंगावर पिताना ती दमायची. दोन घोट घेतले की सोडायची, कपाळावर घामाचे थेंब, पुन्हा दोन घोट. मंजुळा म्हणायची, नखरेल आहे. मग ओठांच्या कडेला निळसर रेघ दिसायला लागली. गोजाबाई म्हणाल्या, "पोटात धरलंय तिच्या. बिब्बा घाल, आमी सगळ्यांनी घातलाय." एका सकाळी त्यांनी सुईवर बिब्बा तापवला आणि शालनच्या बेंबीभोवती चार ठिपके दिले. मंजुळानं पाय धरले होते, मी हात. शालन किंचाळली, आणि किंचाळता किंचाळता तिचा रंग गेला. आधी ओठ, मग जीभ, मग कानाच्या पाळ्या, भिजलेल्या पाटीसारख्या काळ्या-निळ्या. मग ती लुळी पडली. मंजुळानं तिला उचलून गुडघे पोटाशी दाबून छातीशी घट्ट आवळलं; का, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं, आईनं घाबरून लेकराचं गाठोडं करावं तसं केलं. थोड्या वेळानं रंग परत आला. त्याच दिवशी आम्ही पुण्याच्या इस्पितळात गेलो. बिब्ब्याचे ते चार डाग पुढे डॉक्टरनं बोटानं चाचपले.

डॉक्टर माझ्याहून लहान होता, चष्मा, कॉलरवर शाईचा डाग. त्यानं नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं, मग आणखी दोघांना बोलावून ऐकवलं. मला ते ओळखीचं वाटलं; आम्हीही अवघड इंजिन असलं की असेच गोळा होतो. मी विचारलं, मी कान लावू का? तो हसला आणि म्हणाला, लावा. आणि मला ऐकू आलं. ठोका, खर्रऽ, ठोका. इतकं स्पष्ट, की दोन महिने ही माझ्या मांडीवर झोपत होती आणि मी दुनियेची इंजिनं ऐकत हिंडत होतो, याची मला लाज वाटली. त्यानं एका चिठ्ठीच्या पाठीवर काढून दाखवलं. हृदयाच्या चार खोल्या. मधल्या भिंतीला भोक. आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. "या अरुंद वाटेतनं रक्त जोरानं घुसतं ना, त्याचा हा आवाज," तो म्हणाला. मी म्हणालो, "म्हणजे व्हॉल्व्ह." तो म्हणाला, "तसंच म्हणा. पण लक्षात ठेवा, आवाज..." आणि पुढे त्यानं बरंच सांगितलं. मी मान डोलावत होतो. व्हॉल्व्हविषयी मला दुसऱ्यानं समजावून सांगायची ती पहिलीच वेळ, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं नव्हतं. त्याच्या तोंडून निघालेलं ते सगळं माझ्या कानांत गेलं असणार. कान माझे चांगलेच आहेत. मी ऐकलं नाही एवढंच.

मंजुळानं मात्र तिला कळलं तेवढं गाठीशी बांधलं. डॉक्टरनं तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, हिला रडू द्यायचं नाही. रडली की ती वाट आणखी आवळते. दोन, दहा-अकरा महिन्यांची झाली की मुंबईच्या मोठ्या इस्पितळात यावर ऑपरेशन करतात, तो पत्र लिहील, जागा मिळाली की जायचं. तान्ह्या पोराला रडू द्यायचं नाही! ज्यानं सांगितलं त्याचं लग्न झालेलं नव्हतं. पण मंजुळानं ते पाळलं. भूक लागायच्या आत पाजायचं. दुपटं ओलं व्हायच्या आत बदलायचं. अंघोळीचं पाणी कोपरानं पाहायचं, डोक्यावर कधी ओतायचं नाही, हातानं टिपायचं. आमच्या गल्लीच्या कडेनं दिवसाकाठी कितीतरी गाड्या जायच्या आणि फाटकाजवळ प्रत्येक इंजिन शिटी मारायचं. मंजुळाला साऱ्या वेळा पाठ झाल्या होत्या, शिटीच्या आधी तिचे तळवे शालनच्या कानांवर गेलेले असायचे. गल्लीतली पोरं आमच्या दारावरून चवड्यांवर चालायची. देवी टोचणारा आला तेव्हा ती पोरीला घेऊन मागच्या दारानं थेट नदीपर्यंत गेली आणि तो गेल्यावरच परतली. ओठ थरथरले, हनुवटी आत गेली, की मंजुळा हातातलं टाकून धावायची, तव्यावरची भाकरी कोळसा होईना का. दोनदा-तीनदा तरीही निळी पडलीच, पण ते गाठोडं करणं आता तिच्या हातात बसलं होतं. गुडघे छातीशी दाबले की रंग येतो, हे तिचं तिनं शोधून काढलं. डॉक्टरला सांगितलं तेव्हा त्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

मी काय करत होतो? मी ऐकत होतो. रोज सकाळी, भोंग्याच्या आधी. माझी तेवढीच सेवा आणि तेवढीच ऐट. मंजुळा म्हणायची आज नखं बरी आहेत, मी म्हणायचो आज आवाज खरबरीत आहे. आमचं कधी जमायचं नाही. ज्या दिवशी आवाज मोठा, त्या दिवशी माझं कामात लक्ष नसे. आता कळतं, की ज्या दिवशी माझं कामात लक्ष नसे त्याच दिवशी ती हसायची, पालथी पडायची, चमचा आपटायची. हे तेव्हाही माझ्या डोळ्यांसमोरच होतं. पण मी डोळे मिटून काम करणारा माणूस. आठव्या महिन्यात ती बसायला लागली. नीट बसायची नाही, बसल्या जागी गुडघे जवळ घेऊन मुटकुळं करायची, आणि तशीच माझ्याकडे बघून दोन दात दाखवायची. मला ती फार आवडायची. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण गावाकडून आईचं पत्र होतं की पोरीच्या जातीला एवढं करत बसू नका, पुढचं बघा. त्या पत्राला मी उत्तर लिहिलं नाही. त्या गुरुवारच्या आधीच्या सोमवारी मुंबईचं पत्र आलं, की येत्या चोवीस तारखेस, सोमवारी, मुलीस घेऊन हजर राहावे, येणे होत नसल्यास तसे कळवावे म्हणजे जागा दुसऱ्या रुग्णास देता येईल.

ऑपरेशनचं डॉक्टरला मी खोदून विचारलं होतं आणि त्यानंही लपवलं नव्हतं. एवढ्या लहान पोरांत पाचांतली दोन टेबलावरून परत येत नाहीत. मी ते घरी येऊन मंजुळाला सांगितलं, वाटलं ती हाय खाईल. ती भाकरी थापत होती. "मंग तीन येत्यात की," ती म्हणाली. मी मात्र त्या दोनांतच अडकून पडलो. डबा खाताना, सळई हातात धरून उभा असताना, मला ते टेबल दिसायचं. आम्ही इंजिन उघडतो तेव्हा त्यातलं सगळं बाकावर मांडून ठेवतो. कुणी माझ्या पोरीचं असं मांडून ठेवणार, हे मला सहन होत नव्हतं. मी भित्रा होतो. म्हणून गुरुवारी आवाज गेला तेव्हा तो जावा असं मला आधीपासूनच वाटत होतं, हेही सांगायला पाहिजे.

शॉपमध्ये मी यशवंतरावांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "अरे, पोरंसोरं वाढता वाढता आपोआप भरून येतात. माझ्या भाच्याचं तसंच झालं. आणि तू म्हणतोस आवाज गेला म्हणजे गेलाच, राव!" हे शेवटचं ऐकायलाच मी त्यांच्याकडे गेलो होतो. जेवणाच्या सुट्टीत मी पेढे वाटले. शुक्रवारी सकाळी पुन्हा ऐकलं. आवाज आणखी पुसट. शालन दिवसभर झोपून होती, पिताना दमायची म्हणून पीतही थोडंच होती. मला वाटलं, दुखणं गेल्यावर माणूस असाच झोपतो. मंजुळा माझ्या मागे मागे फिरत होती. "सोमवारी तर जायचंच हाय ना मंबईला," ती म्हणाली. "तिथंच दावू की. न्हाईतर आदी पुन्याच्या डाक्टरला तरी एकदा दावून येऊ." मी तिला म्हणालो, "त्याला काय दाखवायचं? तो नळी लावून ऐकतो, मी नुसत्या कानानं ऐकतो." आणि मग, तिनं आणखी काही बोलू नये म्हणून, म्हणालो, "तुला पोरगी फाडून घ्यायचीच आहे का?" मी पोस्टकार्ड काढलं आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, की मुलीस आता पूर्ण आराम आहे, तरी आमची जागा दुसऱ्या गरजूस द्यावी, आपले उपकार विसरणार नाही. कार्ड मी स्वतः स्टेशनवरच्या पेटीत टाकलं. टाकल्यावर त्या रात्री आठ महिन्यांत पहिल्यांदा मला गाढ झोप लागली.

शनिवारी मंजुळाचा भाऊ चिमाजी आला, चाकणजवळच्या त्यांच्या गावाहून. तो खरं तर आम्हाला सोबत म्हणून मुंबईला यायचा होता. धुतलेलं धोतर, नवी टोपी, पिशवीत पोह्यांचा चिवडा. जायचं रद्द झालं म्हटल्यावर त्याचा चेहरा फुलला. "बरं झालं दाजी," तो म्हणाला, "त्या मंबईच्या नावाचीच मला धास्ती व्हती." मग गोजाबाईंनी आठवण काढली की पोरीचं जावळ राहिलं आहे. ते काढायचं विषम महिन्यात, आणि तेही वर्षाच्या आत. तिसऱ्या महिन्यात काढणार होतो तर हे दुखणं कळलं. पाचव्या, सातव्या, नवव्यात मंजुळानं हात लावू दिला नाही, वस्तरा डोक्याला लागला की कुठलं पोर रडायचं थांबतं? आता अकरावा चालू होता, शेवटचा. मामाच्या मांडीवर बसवून काढायचं, आणि मामा तर आयता घरी आलेला. उद्या रविवार, मला सुट्टी. सगळं कसं जुळून आलं होतं. मंजुळा म्हणाली, "रडंल ती." मी म्हणालो, "रडू दे. आता काय भीती आहे? चार लेकरांसारखी रडू दे एकदा, छाती मोकळी होईल." हे मी मोठ्यानं, गोजाबाई आणि चिमाजी यांच्या देखत म्हणालो. त्यामुळे तिला पुढे बोलायला जागा राहिली नाही.

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला न्हावी आला. अंगणात उन्हात पाट मांडला, चिमाजी त्यावर मांडी घालून बसला, त्याच्या मांडीवर शालन. कपाळाला कुंकू लावलं, गोजाबाईंनी ओवाळलं. न्हाव्यानं कोमट पाण्यानं केस भिजवले, तोपर्यंत ती नुसती बघत होती. वस्तरा कपाळापासून वर एकदा फिरला आणि ती रडली. मला धक्काच बसला. माझ्या पोरीचा रडण्याचा आवाज मी विसरूनच गेलो होतो. चांगला खणखणीत होता, बारीक नव्हता, मुलाचा वाटावा असा. गोजाबाई दारातून म्हणाल्या, "गळा हाय की गं पोरीला!" आणि सगळे हसले, मीही. मंजुळा उंबऱ्यात उभी होती. दोनदा पुढे झाली. दोनदाही मी तिला हातानं थांबवलं. "उचलू नकोस," मी म्हणालो. "अर्धं राहील. होऊ दे पुरं." ती माझ्याकडे बघत राहिली, दोन्ही हात पोटाशी धरून. चिमाजीनं पोरीचं डोकं धरलं होतं, न्हावी पटपट हात चालवत होता, आणि ती रडत होती, वर्षभराचं सगळं. मग तिचा श्वास लांबला. एक हुंदका आत गेला आणि बाहेर यायला वेळ लागला. मग ती गप्प झाली. न्हावी म्हणाला, "झोपली वाटतं."

मंजुळा किंचाळली, पण शालन माझ्या हातात आधी आली. मी काय केलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी तिला उताणी धरली आणि छातीला कान लावला. ठोके होते, पळत होते. आणि त्या ठोक्यांच्या मध्ये काही नव्हतं, खरखर नाही, पुसटसुद्धा नाही, बारा वर्षांत एखाद्या नव्या इंजिनचंही इतकं स्वच्छ ऐकलं नसेल. मी मान वर केली आणि सगळ्यांना म्हणालो, "घाबरू नका. आवाज नाही." मंजुळानं तिला माझ्याकडून हिसकावली. तिचे गुडघे छातीशी दाबले, गाठोडं केलं, तोंडानं तिच्या तोंडात फुंकलं, पुन्हा दाबलं. चेहरा काळा पडला होता, अर्ध्या डोक्यावर ओले केस, अर्धं गुळगुळीत. या खेपेला रंग आला नाही.

आम्ही मुंबई-पुणे रस्त्यावर धावत गेलो आणि मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. एस.टी.च होती, ड्रायव्हर ओळखीचा. त्यानं काही विचारलं नाही, भरल्या गाडीनिशी कुठंही न थांबता सरळ इस्पितळाच्या दारात आणली. गाडीतले लोक मंजुळाला जागा करून देत होते, कुणी पाणी पुढे करत होतं. ती पोरीला तशीच आवळून बसली होती आणि पुटपुटत होती, "आली, आली, रंग आला." आला नव्हता. मी इंजिनच्या झाकणाशेजारी उभा होतो, आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण मला ऐकू येत होतं की तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट वाजतोय. ते ऐकायचं नव्हतं. मी कानांवर हात ठेवले तरी पायांतून येत होतं.

मंजुळाला बाहेर बाकावर बसवलं. तोच डॉक्टर होता. अर्ध्या तासानं तो बाहेर आला आणि मला व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेला. शालन गेली होती. गाडीत असतानाच गेली असावी. त्यानं विचारलं, "तुम्हाला उद्या मुंबईला जायचं होतं ना? मला तिथून कळलं होतं." मी सांगितलं की मी कार्ड टाकलं. का, म्हणून त्यानं विचारलं. मी सांगितलं की आवाज गेला होता, गुरुवारपासून, मी रोज ऐकतो, मला चांगलं ऐकू येतं, माझं कामच ते आहे. बोलता बोलता मी त्याला पटवून देत होतो, अजूनही. त्यानं चष्मा काढला. रागावला असता तर बरं झालं असतं. "तो आवाज रक्त जाण्याचा होता, ज्योतीराम," तो म्हणाला. "वाट अरुंद, पण त्यातनं जातंय, म्हणून आवाज. जितका मोठा तितकं जास्त जातंय. आवाज बंद होत आला म्हणजे वाट बंद होत आली. तसं वाटलं तर त्याच पावली घेऊन या, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला." मी म्हणालो, "होय." कारण त्यानं सांगितलं होतं. वाक्य जसंच्या तसं मला आठवलं, त्याच्या कॉलरवरच्या डागासकट.

मुळा नदीच्या काठी चिमाजीनं खड्डा खणला. उरलेलं जावळ काढायचं का, असं कुणीतरी विचारलं, गोजाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. नगा आता तिला हात लावू." घरी आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. शेजारणी येऊन बसल्या, पिठलं-भाकरी ठेवून गेल्या, जाता जाता म्हणाल्या की जावळ काढताना आईनं पोर उचलायला पाहिजे होतं, आईला कसं कळलं नाही. त्या दारातच म्हणाल्या, मंजुळाला ऐकू जाईल अशा. चिमाजी बाहेर पाटावर डोकं धरून बसला होता. आत आम्ही दोघंच. ती भिंतीला टेकून बसली होती, तळवे उघडे, मांडीवर पालथे घालायचंही तिला सुचलं नव्हतं.

"डाक्टर काय म्हनला?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, गाडीतच गेली होती.

"त्ये न्हाई. आवाजाचं काय म्हनला? त्यो खरंच गेला व्हता का?"

मी तिच्याकडे बघितलं. "होय," मी म्हणालो, "गेला होता."

"म्हंजे बरी व्हत आली व्हती ती," मंजुळा म्हणाली. तिनं आपल्या उघड्या तळव्यांकडे बघितलं. "वर्सभर रडू दिली न्हाई म्या. एक दिस रडू दिली. तुमी नगं म्हनला तरी म्या उठाया पायजे व्हतं. तुमाला काय ठावं, तुमी कामावर. मला ठावं व्हतं ती कशी व्हती ती. नखं बघितली व्हती म्या." आणि मग अगदी हळू, जसं काही मी रागावेन अशा भीतीनं, "म्याच घालवली वो तिला."

डॉक्टरचं सगळं बोलणं माझ्या जिभेवर होतं. फार नव्हतं, चार वाक्यं होती, सांगायला भाकरी उलटायला लागतो तेवढाही वेळ लागला नसता. मी तोंड उघडलं. मला वाटलं, आत्ता सांगतो.

"जे झालं ते झालं, मंजुळे," मी म्हणालो.

तिला वाटलं मी तिला माफ केलं. ती सरकत माझ्याजवळ आली, माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडायला लागली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.